गोठणगावचा कॅम्प आणि पाहुणे मास्तर

दिवाळी सरली, पहाटे अंगणात दव दिसू लागलं की विदर्भात स्वेटरवाले तिबेटी येतात. नागपुरात तर त्यांचा बाजारच भरतो. लोकरी टोप्या, शाली, लहान मुलांचे झबल्यासारखे स्वेटर दोरीवर टांगलेले असतात आणि मागे स्टुलावर एखादी बाई विणकामाच्या सुया चालवत बसलेली असते. आमच्या घरात दोन पिढ्यांचे स्वेटर तिथूनच आले. पण त्या बाईची मुलं हे तीन-चार महिने कुठे असतात, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

त्यांच्यातल्या काहींच्या मुलांचा पत्ता गोंदिया जिल्ह्यातला आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव आहे, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचं गाव. जवळच प्रतापगडची टेकडी. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. याच पट्ट्यात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली. कागदावर तिचं नाव नोर्ग्येलिंग. आसपासच्या गावांत कुणी ते नाव घेत नाही, सगळे 'तिबेटी कॅम्प'च म्हणतात. पन्नास वर्षं उलटली तरी कॅम्प हा शब्द सुटलेला नाही.

चार हजार मीटर उंचीवर जव पिकवणारी, याक राखणारी माणसं मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या मुलखात आली. धानाच्या शेतीत बांधी काय, परे काय, रोवणी कधी करायची, हे त्यांना इथे येऊन शिकावं लागलं. शेती पावसाळ्यापुरती, म्हणून हिवाळ्यात लोकरीचा धंदा. हिवाळ्यात तरणी माणसं शहरांत जातात आणि अनेक घरांत मागे आजी, आजोबा आणि शाळेत जाणारी मुलं उरतात. भारतभरच्या तिबेटी वसाहतींचं वर्षाचं चक्र थोड्याफार फरकानं असंच आहे. अशा ठिकाणच्या शाळेत बाहेरून कुणी हौसेनं शिकवायला आलं, तर त्यानं काय करावं आणि काय करू नये, याविषयी मला लिहायचं आहे. परदेशी तरुण-तरुणी तिबेटी वसाहतींत शिकवायला येण्याची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. तिच्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याचा उपयोग कॅम्पच्या कुंपणाबाहेरही आहे.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि पाठोपाठ सुमारे ऐंशी हजार माणसं हिमालय ओलांडून उतरली. त्यांतल्या कितीतरी जणांना पहाडी रस्त्यांच्या कामावर लावलं गेलं. आईबाप दिवसभर खडी फोडायचे आणि मुलं रस्त्याच्या कडेला असायची. थंडीनं, हगवणीनं, न सोसणाऱ्या हवेनं मुलं दगावू लागली. अशाच जम्मूकडच्या कामावरची ५१ मुलं १७ मे १९६० रोजी धरमशालेत आणली गेली आणि दलाई लामांची थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा यांच्याकडे सोपवली गेली. आजच्या 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज'ची ती सुरुवात. त्याच्या अडीच महिने आधी, ३ मार्च १९६० रोजी, मसुरीत ५० विद्यार्थ्यांची पहिली तिबेटी शाळा उघडली होती.

त्यानंतर जे घडलं, त्याचं श्रेय पंडित नेहरूंना द्यायलाच हवं. निर्वासितांची मुलं जवळच्या सरकारी शाळांत घालून मोकळं होणं सरकारला सोपं होतं. नेहरूंनी वेगळ्या शाळांना मान्यता दिली. मुलांनी हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान शिकावं आणि आपली भाषा, आपला धर्म, आपला इतिहासही शिकावा. १९६१ साली तिबेटी शाळांसाठी सरकारी संस्था उभी राहिली आणि खर्च भारत सरकारनं उचलला. गेल्या दशकात यातल्या बहुतेक शाळा 'सांभोटा' या तिबेटी शिक्षणसंस्थेकडे गेल्या. सांभोटा म्हणजे थोन्मी सांभोटा. सातव्या शतकात भारतात येऊन, इथल्या लिपीच्या धर्तीवर तिबेटी लिपी सिद्ध केल्याचं श्रेय परंपरेनं त्यांना दिलं जातं. आणि २००४ साली निर्वासित तिबेटींनी स्वतःचं शिक्षण धोरण ठरवलं, त्यात प्राथमिक वर्गांचं माध्यम तिबेटी ठेवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

सुरुवातीच्या त्या दिवसांत शिक्षक कुठून आणायचे? तिबेटी जाणणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि इंग्रजी जाणणाऱ्यांना तिबेटी. तेव्हा बाहेरची माणसं धावून आली. त्यांतलं ठळक नाव फ्रेडा बेदी. अभिनेता कबीर बेदी यांच्या आई एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे राहिली, हे मला नेहमी खटकतं. इंग्लंडमधल्या डर्बीत १९११ साली जन्मलेली ही बाई ऑक्सफर्डला शिकली, पंजाबी तरुणाशी लग्न करून भारतात आली, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेली. १९५९ नंतर आसामातल्या मिसामारी आणि बंगालमधल्या बक्सा इथल्या छावण्या पाहून आल्यावर त्यांनी तरुण लामांसाठी शाळा काढली, आधी दिल्लीत, मग डलहौसीत. तिथे इंग्रजी शिकवायला ब्रिटनहून कोवळे स्वयंसेवक येत. पुढे पाश्चात्त्य जगात बौद्ध शिकवण नेणाऱ्या चोग्याम त्रुंग्पांसारख्यांचं इंग्रजी या धडपडीतून तयार झालं.

दुसरं नाव डर्व्हला मर्फी. आयर्लंडहून सायकलनं १९६३ साली भारतात पोहोचलेली ही बाई धरमशालेच्या बालवसतिगृहात स्वयंसेवक म्हणून काही महिने राहिली आणि त्यावर तिनं पुस्तक लिहिलं. तिच्या वाट्याला शिकवणं फारसं आलंच नाही. मुलांची खरूज धुणं, कान साफ करणं, हगवणीनं गळालेल्या पोरांना उचलून नेणं हेच दिवसभराचं काम होतं. स्वयंसेवकानं कामाची यादी घरून आणायची नसते, ती शाळेकडून मागून घ्यायची असते, हे तिच्या अनुभवातून फार स्वच्छ दिसतं. ब्रिटनची 'व्हीएसओ' संस्था १९५८ सालची, अमेरिकेची 'पीस कोअर' १९६१ सालची. परदेशात जाऊन गरीब शाळेत शिकवण्याची हाक त्याच काळात पश्चिमेतल्या तरुणांपर्यंत पोहोचत होती आणि तिबेटी शाळांना माणसांची गरज होती. दोन्हींची गाठ पडली.

आज कॅम्पच्या शाळेत जाणाऱ्या पाहुण्या मास्तरासमोर काय असतं? वर्गात मुलं थोडी. बाहेरगावी, परदेशी जाणारी कुटुंबं वाढली आणि जन्मही कमी झाले, त्यामुळे देशभरच्या तिबेटी शाळांचा पट घटतो आहे. मुलं शिक्षकाला 'गेन-ला' म्हणतात. हा 'ला' आपल्या 'जी'सारखा. आजी 'मो-ला', आजोबा 'पो-ला'. इतके तीन शब्द पहिल्याच दिवशी तोंडात बसले, तर मुलांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा निम्मा उतरतो.

तिबेटी मुलं पारंपरिक पद्धतीनं अक्षर गिरवतात ते पाहण्यासारखं असतं. हातभर लांबीची लाकडी फळी असते, तिला जांगशिंग म्हणतात. तिच्यावर खडूची भुकटी भुरभुरवायची. भुकटीत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे चिमटीनं उचलून सोडायची, की फळीवर सरळ पांढरी रेघ उमटते. सुतार लाकडावर रेघ मारतो तशीच. अशा चार-पाच रेघा आखल्या की बांबूची टोकदार लेखणी घेऊन भुकटीवर अक्षर काढायचं. चुकलं की फळी पुसा, पुन्हा भुकटी टाका. मराठी माणसाला हे परकं वाटूच नये. आपली धूळपाटी याहून वेगळी काय होती? लाकडी पाटीवर धूळ पसरून खापरपणज्यांनी अक्षरं गिरवली. 'धुळाक्षरे' हा शब्द भाषेत उरला आणि पाटी गेली. आपला बोरूही गेला, तिबेटी मुलांच्या हातात तो अजून आहे. कागद महाग आणि हात कोवळा असताना माणसं दोन दूरच्या मुलखांत एकाच युक्तीला पोहोचली. साधनं कमी असलेल्या शाळेत हिच्याहून स्वस्त आणि हिच्याहून चांगली वही मिळायची नाही. म्हणून परदेशातून रंगीत वह्यांचं खोकं घेऊन येणाऱ्या पाहुण्यानं आधी ही फळी हातात घेऊन बसावं. स्वतः दहा अक्षरं काढून पाहावीत.

ती दहा अक्षरं काढताना मराठी माणसाला आणखी एक नवल दिसेल. क, ख, ग, ङ. च, छ, ज, ञ. त, थ, द, न. प, फ, ब, म. आपलीच वर्णमाला, त्याच क्रमानं. फक्त प्रत्येक ओळीत चारच अक्षरं, कारण घ, झ, ध, भ तिबेटीत नाहीत. ट-ठ-ड-ढ ही ओळ मूळ वर्णमालेत नाही. एकूण तीस व्यंजनं, वर चार स्वरचिन्हं, आणि शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याऐवजी प्रत्येक शब्दावयवानंतर एक टिंब. आता वर्गात बसलेलं पोर 'घर'चं 'गर' आणि 'भात'चं 'बात' का करतं, हे कळायला वेगळ्या पुस्तकाची गरज उरत नाही. ते पोर मठ्ठ नाही. त्याच्या भाषेत तो वर्णच नाही. अर्जुनीच्या बाजारात मराठी-हिंदी बोलून बोलून त्याला तो येतोच, पण शाळेत पहिल्या दिवशी त्यावर हसलं तर पोर तोंड मिटून घेतं.

उलट काही बाबतींत हे पोर आपल्या मुलांच्या पुढे असतं. तिबेटी लिपी जुन्या काळच्या उच्चारांवर थांबली, बोली पुढे निघून गेली. 'आठ' हा शब्द लिहिताना ब, र, ग, य, द ही पाच अक्षरं काही एकावर एक, काही शेजारी अशी रचायची आणि वाचताना नुसतं 'ग्ये' म्हणायचं. ज्यानं हे सहा-सात वर्षांचा असताना पचवलं, त्याला 'नाइफ'मधला मुका 'के' अवघड का वाटावा? हा धागा पकडून इंग्रजी स्पेलिंग शिकवता येतं. वाक्यरचनेचंही तसंच. 'मी चहा पितो' याला तिबेटीत 'ङा चा थुंगगी यो', म्हणजे मी, चहा, मग पिणं. क्रियापद शेवटी. मराठीतही शेवटी, हिंदीतही, गोंडीतही. इंग्रजी एकटीच क्रियापद मधे घालते. म्हणजे कॅम्पच्या वर्गात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला वाटतं की मुलांची भाषा उलटी आहे, आणि प्रत्यक्षात त्या सगळ्या पंचक्रोशीत उलटी भाषा तिची एकटीची असते. हे तिला कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं.

खरी अडचण वेगळीच आहे. पाहुणा मास्तर चार आठवड्यांसाठी येतो. पहिल्या आठवड्यात नावं, दुसऱ्यात रंग आणि प्राणी, तिसऱ्यात एखादं गाणं, चौथ्यात निरोप आणि फोटो. पुढचा येतो तो पुन्हा नावांपासून सुरुवात करतो. मुलं हुशार असतात, तीही पुन्हा पहिल्यापासून उत्साहानं उत्तरं देतात, कारण पाहुण्याला बरं वाटतं हे त्यांना कळलेलं असतं. अशी तीन वर्षं गेली तर पोराला स्वतःची ओळख झोकात करून देता येते आणि साधा उतारा वाचता येत नाही. शिवाय जीव लावून निघून जाणारी माणसं. आईबाप आधीच हिवाळाभर दूर असतात, त्यात आणखी एक माणूस दर महिन्याला निघून जातं. नेपाळ आणि कंबोडियात पाहुण्यांच्या हौसेसाठी अनाथाश्रम उभे राहिले आणि ज्यांचे आईबाप जिवंत आहेत अशी मुलंही त्यांत भरली गेली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. कॅम्पच्या शाळेची गोष्ट तशी नाही, ती समाजानं स्वतः चालवलेली शाळा आहे. पण मुलाच्या मनाचा हिशोब सगळीकडे सारखाच असतो.

मग बाहेरच्या माणसाचा उपयोग कधी होतो? याचं सगळ्यात भक्कम उत्तर मुंबईच्या पालिका शाळांतून आलेलं आहे. 'प्रथम' संस्थेनं तिथे आणि बडोद्यात 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली मुलगी. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे. मानधन महिना पाचशे-साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात हा प्रयोग मोजला. बालसखी मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गुण स्पष्ट वाढले, दुसऱ्या वर्षी वाढ आणखी मोठी होती, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. बॅनर्जी-डुफ्लोंना २०१९ साली नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या शिदोरीवर. बालसखीकडे पदवी नव्हती, गोरा रंग नव्हता, इंग्रजीही बेताचीच. तिच्याकडे मुलांची भाषा होती, ती रोज येत होती, आणि पोर इयत्तेत कुठे आहे हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येतं तिथून ती सुरू करत होती.

या तीन गोष्टी घेऊन आलेला पाहुणा गोठणगावलाही उपयोगी पडेल. भाषा तर त्याला एका महिन्यात येणार नाही, म्हणून त्यानं वर्गातल्या गेन-लांच्या हाताखाली काम करावं. ते तिबेटीत समजावतील, पाहुण्यानं शेजारी बसून चार मुलांचं वाचन ऐकावं. रोज तीच चार मुलं. आणि एक जाड वही शाळेत कायमची ठेवावी, तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे कुठवर आलो ते तारखेसह लिहावं, म्हणजे पुढचा माणूस नावांपासून सुरू करणार नाही. वही शाळेनं सांभाळावी, पाहुण्यानं सोबत नेऊ नये.

आता मघाशी ठेवून दिलेल्या गोष्टीकडे येतो. हे लिहायला बसलो ते खरं तर तिच्यासाठी. तिबेटी पोराला पहिलीचं पुस्तक स्वतःच्या भाषेत मिळतं. आपल्या जमिनीपासून हजारो किलोमीटर दूर, परक्या देशात, ज्यांच्याकडे स्वतःचं राज्य नाही अशा लोकांनी ते मिळवून दाखवलं. आणि त्याच गोंदिया जिल्ह्यात, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलातल्या टोल्यांवर (वाड्या-पाड्यांवर), ज्यांच्या नावानं हा सगळा प्रदेश गोंडवाना म्हटला जातो, त्यांच्या पोरांना ते मिळत नाही. ज्या घरात आजी नातवाशी गोंडीत बोलते, त्या घरातलं पोर सहाव्या वर्षी शाळेत जातं तेव्हा समोर प्रमाण मराठी उभी असते. घरी पाणी म्हणजे 'येर', शाळेत 'पाणी'. घरी एक-दोन-तीन म्हणजे 'उंदी, रंड, मूंद'. शेजारच्या घरात हलबी, पलीकडे पोवारी, छत्तीसगडी. मराठी शिकायला त्या पोराची ना नाही. पण पहिल्या दिवशी त्याला जे येतं त्याची शाळेला किंमत नसते, आणि ते गप्प बसलं की मास्तर त्याला मंद समजतात. कॅम्पातल्या 'बात' म्हणणाऱ्या पोराचीच ही कथा. फरक एवढाच, कॅम्पातल्या पोराच्या वर्गात त्याची भाषा जाणणारी गेन-ला आहे.

लिपीची बाजू पाहिली तर वाईट जास्तच वाटतं. बालाघाट हा गोंदियाला लागून असलेला जिल्हा. तिथल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ साली, ती संगणकाच्या युनिकोडमध्ये आली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावच्या गोंडी लिपीलाही पुढच्याच वर्षी ते स्थान मिळालं. म्हणजे सांभोटांसारखा लिपीकार गोंडीला घराशेजारी मिळाला होता. राज्यघटनेचं कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयी करायला सांगतं, ते १९५६ सालच्या दुरुस्तीनं आलं. शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषा म्हणतो. तरी गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला देशभरातून गोंडी माणसं येतात, तेव्हा तिथल्या गर्दीत भाषा मेल्याची कुठलीही खूण दिसत नाही. ती फक्त शाळेच्या दारातून आत आलेली नाही.

बाहेरून येऊन गोंड मुलांना शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न इथून उत्तरेला, मैकल डोंगरांत झाला होता. व्हेरिअर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. तिथे त्यांची मैत्री झाली मराठी ख्रिस्ती घरातल्या शामराव हिवाळे यांच्याशी. १९३२ साली दोघं तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले आणि त्यांनी गोंड सेवा मंडळ काढलं. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम. एल्विन शिकवायला आले आणि शिकत गेले. गोंड-बैगांची गाणी, कथा, चित्रं यांच्या मागे लागून ते धर्मप्रचारकाचे मानववंशशास्त्रज्ञ झाले. १९५४ साली भारताचे नागरिक झाले आणि ईशान्येला गेले. त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिवाळ्यांनी परधान समाजावर मोलाचं पुस्तक लिहिलं, पण दवाखाना, शाळा, हिशोब, माणसांचे रुसवे हे रोजचं ओझंही त्यांच्याच खांद्यावर असे. आपल्याकडे एल्विन माहीत असतात आणि हिवाळे नसतात. शाळा मात्र हिवाळ्यांसारख्या माणसांवरच उभ्या असतात.

अनुताई वाघ तशाच. त्या १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबादच्या टेकडीवर, आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत वारली मुलांतच राहिल्या. पोरं शाळेत येत नाहीत कारण त्यांना गुरं राखायची असतात, हे कळल्यावर त्यांनी शाळा कुरणात नेली. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं बिया, शिंपले, पानं मांडून मोजताहेत. कुरणशाळा हा शब्द त्यातून मराठीला मिळाला. साधनं नाहीत ही तक्रार तिथे उरलीच नाही, कारण साधनं पायाखाली होती. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तर मोहफुलं, तेंदूची पानं, करंजीच्या बिया यांनी रान भरलेलं असतं. तेंदूपानांचा पुडा बांधणारी आई पानं मोजते ते गणितच आहे, पोर ते पाहत मोठं झालेलं असतं.

आपल्या राज्यानं २००० नंतर वस्तीशाळा काढल्या, तेव्हा गावातलाच शिकलेला तरुण निमशिक्षक म्हणून नेमला. सुरुवातीला महिना हजार रुपये मानधन. त्यांची उपेक्षा खूप झाली, सेवेत कायम व्हायला त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पण टोल्यावरच्या पोराशी त्याच्या भाषेत बोलणारा पहिला मास्तर बऱ्याच ठिकाणी तोच होता. आज पटसंख्येच्या हिशोबात अशा लहान शाळा बंद करण्याची भाषा होते, तेव्हा मला काळजी वाटते ती या एका माणसाची. इमारत दोन किलोमीटरवर दुसरी मिळेल. पोराचं बोलणं समजणारा माणूस मिळेलच असं नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. परदेशी पाहुण्याला अनेक तिबेटी वसाहतींत राहण्यासाठी गृह मंत्रालयाचा खास परवाना लागतो. तो हातात पडायला काही महिने जातात, म्हणून अर्ज आधीच करावा. पर्यटक व्हिसावर लांबलचक काम करता येत नाही. मराठी मुलामुलींना यातलं काहीच आडवं येत नाही. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी गाडी अर्जुनीला थांबते. पुण्या-मुंबईची पोरं हजारो रुपये भरून आफ्रिकेत, नेपाळात शिकवायला जातात, त्यांनी या गाडीचं तिकीट काढून पाहावं. गोठणगावला तिबेटी, अरुणनगरला पूर्व बंगालातून आलेली बंगाली कुटुंबं, टोल्यांवर गोंडी आणि हलबी. एका तालुक्यात एवढं जग भेटतं. जाण्याआधी शाळेला पत्र लिहून विचारावं, तुम्हाला कोणत्या महिन्यांत माणूस हवा आहे?

माझा अंदाज आहे की उत्तर नोव्हेंबर ते जानेवारी असं येईल. तेव्हा स्वेटरची दुकानं लागलेली असतात, घरात मो-ला आणि पोरं असतात, संध्याकाळी गृहपाठ पाहायला कुणी नसतं. फेब्रुवारी-मार्चात लोसार येतो, तिबेटी नवं वर्ष. त्याआधी अर्जुनीच्या फलाटावर न खपलेल्या लोकरीची गाठोडी उतरू लागतात आणि चार महिन्यांत दोन बोटं उंच झालेली पोरं आईला आपली वाचनाची वही दाखवायला धावत येतात.